अध्यक्षांच्या कानातला मळ

हिंगणटाकळी हे गाव सुधारले, अशी आप्पाराव गिराम यांची पक्की समजूत होऊन आठ महिने झाले होते.

सुधारले म्हणजे शांत झाले. पूर्वी हापशावर ज्या बायका एकमेकींच्या माहेरचा उद्धार करीत, त्या आता नुसते ओठ हलवून घागरी भरताना दिसत. मारुतीच्या पारावरचा कर्णा मंदावला होता. कुत्री भुंकण्याचा आव आणीत, पण प्रत्यक्ष भुंकत नसत. घरी तर धुरपदाबाईंचा, म्हणजे आप्पारावांच्या सहधर्मचारिणीचा, आवाज इतका मवाळ झाला होता, की चाळीस वर्षांच्या संसारात आपण अखेर काहीतरी साधले, या समाधानाने ते जेवणानंतर सुपारीचे खांड जास्तीचे तोंडात टाकीत. या प्रगतीचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी त्यांच्या मनात संभ्रम नव्हता. ते गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते.

एखाद्या गृहस्थाच्या कानात मळ साचावा आणि त्याने ती समाजाची नैतिक उन्नती समजावी, ही घटना आपल्याकडे वाटते तितकी दुर्मीळ नाही. दुर्मीळ एवढेच, की हिंगणटाकळीत तो मळ पुढे चिमट्याने बाहेर काढून स्टीलच्या तबकात ठेवण्यात आला.

समिती दर शुक्रवारी दुपारी चार वाजता ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या सभागृहात बसे. आप्पारावांची न्यायदानाची रीत साधी होती. फिर्यादी बोले, आप्पाराव डोळे मिटून मान हलवीत. प्रतिवादी बोले, आप्पाराव डोळे मिटून मान हलवीत. मधेच तोंड न घालणारा अध्यक्ष या भागाने याआधी पाहिलेला नव्हता. जन्मात प्रथमच कोणीतरी आपले शेवटपर्यंत ऐकून घेतले, या धक्क्यानेच फिर्यादी अर्धा नरम पडे. दोन्ही पक्षांच्या घशाला कोरड पडली, की आप्पाराव सावकाश डोळे उघडून म्हणत, "बरं. आता तुमीच सांगा, कसं करावं." आणि ती माणसे खरोखरच सांगत. एकोणीस वर्षे चाललेला एक बांधाचा वाद अशा रीतीने दोन शुक्रवारांत मिटला, आणि त्यात बांध कोणाचा होता हे अध्यक्षांना शेवटपर्यंत कळले नाही.

त्यांनी एक नियमही घालून दिला होता. तो मात्र कान शाबूत असतानाच्या काळातला, म्हणून शहाणपणाचा. प्रतिवादीने आधी फिर्यादीचे सगळे म्हणणे ऐकावे, मग उभे राहून तेच स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर परत सांगावे. फिर्यादीने 'व्हय, हेच म्हणले मी' असे कबूल केल्याशिवाय प्रतिवादीला स्वतःची बाजू मांडता येत नसे. या नियमापुढे गावातले भलेभले आडदांड रडकुंडीला आले होते.

कीर्ती झाली की सत्कार आले. हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा एकमेव नियम आहे ज्याला अपवाद सापडत नाही. शाल, श्रीफळ, फेटा. आणि परभणीकडच्या लग्नांत मानाच्या पाहुण्याला अत्तराचा फाया. निजामाची राजवट गेली, तिची दफ्तरे गेली, पण कापसाचा तो सुगंधी बोळा अजून टिकून आहे. शहाणी माणसे तो कानाच्या वरच्या वळीत खोचतात आणि घरी आल्यावर काढून टाकतात. आप्पारावांना मात्र आपला मान वाऱ्याने उडून जाईल अशी धास्ती असे. म्हणून ते फाया करंगळीने कानाच्या भोकात सारीत, आत, आणखी आत. घरी आल्यावर फेटा खुंटीला लागे, शाल कपाटात जाई, आणि फाया जिथे होता तिथेच मुक्काम करी. पुढे खाज सुटली, की मोटारसायकलची किल्ली होती, आगपेटीची काडी होती, धुरपदाबाईंच्या केसांतला आकडा होता. कान साफ करण्याच्या नावाखाली ते प्रत्येक सत्कार थोडा अधिक खोल ठोकीत गेले.

चैत्रातल्या एका शुक्रवारी समितीचे काम संपल्यावर सटवाजींनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. सटवाजी हे समितीचे ज्येष्ठ सदस्य, निवृत्त मुख्याध्यापक आणि आप्पारावांचे पहिलीपासूनचे वर्गमित्र. बौद्धवाड्यातल्या त्यांच्या ओट्यावर दोघांनी मिळून गणिते सोडवली होती. कागद ठेवताना ते काही बोलले असावेत, कारण त्यांच्या मिशा हलल्या. आप्पारावांनी मान डोलावली आणि वाचायला घेतले.

"प्रति, मा. अध्यक्ष, तंटामुक्ती समिती. अर्जदार: सौ. धुरपदाबाई आप्पाराव गिराम. प्रतिवादी: मा. अध्यक्ष. विषय: माझे पती माझे ऐकत नाहीत. राहत्या घराच्या नमुना आठवर त्यांच्यासोबत माझे नाव लावावे, असे मी नागपंचमीपासून त्यांना एकेचाळीस वेळा सांगितले. प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवून होकार दिला व काहीही केले नाही. नकार दिला असता तर भांडता आले असते. होकाराशी भांडता येत नाही. सबब मी थकले आहे. येत्या शुक्रवारी नियमाप्रमाणे त्यांनी माझे म्हणणे ऐकून परत सांगावे. न जमल्यास मी शनिवारच्या सकाळच्या गाडीने भावाकडे पाथरीस कायमची जाईन. बॅग भरलेली आहे."

नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीचे ते रजिस्टर, ज्यात कोणते घर कोणाचे हे लिहिलेले असते. हिंगणटाकळीच्या त्या रजिस्टरात बाईचे नाव शोधायचे, तर विधवांपासून सुरुवात करावी लागे, आणि तिथेच शोध संपे.

आप्पाराव तडक घरी आले. धुरपदाबाई अंगणात शेवया वाळत घालीत होत्या.

"काय गं हे? आख्खा तालुका म्हणायलाय आप्पाराव समद्याचं आईकून घेतो, अन् तू लिहितीस मी आईकत न्हाई?"

धुरपदाबाईंचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल की!"

ओठ अधिक रुंद हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेजारच्या भिंतीवरून नर्मदाबाईंचे डोके वर आले, आणि त्यामागून आणखी एक. त्यावरून ही बाई ओरडत असावी, असा तर्क कोणीही केला असता. आप्पारावांनी वेगळा केला: आपल्याला लाजवण्यासाठी ही मूकाभिनय करते आहे.

"नाटक करू नगंस," असे म्हणून ते आत गेले. आणि आयुष्यात क्वचितच एखाद्या माणसाने इतक्या आत्मविश्वासाने इतका चुकीचा निकाल दिला असेल.

सत्य रविवारी सकाळी कळले, तेही न्हाणीघरात. डोक्यावरून अंघोळ करताना तिसरा तांब्या ओतला आणि जग बंद झाले. एरवी काहीतरी पुटपुटत तरी असे. आता कोणी दार लावून घ्यावे तसे ते पलीकडे गेले. राहिला तो आतला कारभार. दात एकमेकांवर आपटले की जात्यात जोंधळा भरडल्यासारखे वाटे. स्वतःचा आवाज आडातून येई. दोन्ही कानांत एक संथ गुणगुण सुरू झाली आणि वाकून धोतर उचलावे तर न्हाणीघराची फरशी येलदरीच्या जलाशयातल्या होडीसारखी एका अंगाला कलली. आप्पारावांनी भिंत धरली. आठ महिने गाव मुके नव्हते, हा विचार त्यांच्या डोक्यात प्रथम तिथे, ओल्या भिंतीला धरून उभे असताना, आला. शुक्रवारी काय होणार, हा त्यामागोमाग आला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. जे ऐकू येत नाही ते परत कसे सांगायचे?

पारावर जाऊन त्यांनी कानांकडे बोट दाखवले मात्र, गावाचे वैद्यकीय ज्ञान उफाळून आले. ते काय होते हे त्यांना नंतर सटवाजींकडून कळले. एकाने लसूण तळलेले तेल सांगितले. दुसऱ्याने विडीचा धूर कानात फुंकायची तयारी दाखवली आणि त्यासाठी विडी पेटवूनही घेतली. व्यंकटराव म्हणाले, "पाथरीच्या बाजारात कान कोरणारा बसतो. माझ्या मेव्हण्याच्या कानातून त्यानं हरबऱ्याएवढा खडा काढला."

"मेव्हण्याच्या कानात खडा गेला कसा?" सटवाजींनी विचारले.

"ते आता त्यालाच ठाव."

"मेव्हण्याला?"

"न्हाई, कान कोरणाऱ्याला. खडा त्याच्याच मुठीत व्हता म्हणत्यात."

तेवढ्यात एकाने मोटारसायकलची किल्ली उपसली. सटवाजींनी त्याचा हात वरच्यावर धरला, खिशातून मोबाइल काढला आणि त्यावर लिहून आप्पारावांच्या डोळ्यांपुढे धरले: "माझी पुतणी परभणीत कानाची डॉक्टर आहे. उद्या. तोवर कानात बोटसुद्धा घालशील तर मोडीन."

डॉक्टर धम्मशीलाबाईंचा दवाखाना परभणीत एका मिठाईच्या दुकानाच्या वर होता. त्यांनी आधी दुचिमट्यासारखा एक काटा टणकन वाजवून आप्पारावांच्या कानाजवळ धरला, काही नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडाला टेकवला, आणि आप्पाराव खुर्चीत उडाले. डोक्याच्या आत देवळातली घंटा वाजत होती! त्यांनी काटा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. चौथ्यांदा मागितल्यावर डॉक्टरांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. नंतर दिवा लावून त्यांनी दोन्ही कानांत बराच वेळ पाहिले आणि तोंड अगदी जवळ नेऊन, खणखणीत आवाजात सांगितले:

"नस ठणठणीत आहे, काका. वाट बुजली आहे. मळ म्हणजे घाण नव्हे. तो कानाची राखण करतो आणि काम झालं की आपला आपण बाहेर येतो. तुम्ही काड्या घालून त्याला परत आत लोटलंत. आत आणखीही काहीतरी पांढरं दिसतंय."

"काढा मग. आत्ता."

"दगड झालाय. आज ओढला तर पडदा दुखावेल. हे थेंब दिवसातून तीनदा टाका, मऊ होऊ द्या. शुक्रवारी सकाळी या. मळ फुगून मधे आणखी कमी ऐकू येईल, घाबरायचं नाही. पण कान ठणकला किंवा वाहायला लागला, तर लगेच यायचं."

"शुक्रवारी चारला माझा निकाल हाय."

"कसला?"

सटवाजींनी पुतणीला सगळे सांगितले. डॉक्टरांनी आप्पारावांकडे पाहिले. तपासताना असलेली माया त्या नजरेत राहिली नव्हती. "मग थेंब वेळेवर टाका," त्या म्हणाल्या.

थेंब कानात गेले की आत सोड्याची बाटली फुटल्यासारखे फसफसे. मंगळवार, बुधवार, गुरुवार आप्पाराव बाजेवर एका कुशीवर पडून फसफसत राहिले. एक गोष्ट त्यांनी केली: मान हलवणे बंद केले. ते सोपे नव्हते. आठ महिन्यांची सवय मानेत मुरली होती. धुरपदाबाई समोर आल्या की मान आपोआप खाली जाऊ लागे आणि ते हनुवटीला हात लावून ती अडवीत. त्यावर धुरपदाबाई बाहेर जाऊन नर्मदाबाईंना म्हणाल्या, "आता मान पण हालंना. अर्ज दिल्यापसून पार मखरातला देव झालाय."

बुधवारी त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले: "माझ्या कानात मळ आहे. डॉक्टरनं सांगितलं."

धुरपदाबाईंनी चिठ्ठी वाचली, कणकेच्या हाताने पेन धरले आणि खाली लिहिले: "नागपंचमीपासून?"

आप्पारावांनी विचार केला आणि लिहिले: "हो."

त्यांनी कागद परत ओढला. "अर्ज दिल्यावरच बरा सापडला."

गुरुवारी सटवाजी मध्यस्थी करायला आले. सुनावणी एक आठवडा पुढे ढकलू या, असे त्यांनी सुचवले. धुरपदाबाईंनी नकार दिला. कारण सांगितले, की बॅगेत लुगडी चुरगाळायली आहेत.

शुक्रवारी दहा वाजता आप्पाराव पुन्हा त्या खुर्चीत बसले. गळ्याभोवती प्लास्टिकचा पडदा, कानाखाली वाटी. अंगाइतक्या कोमट पाण्याची पिचकारी आत गेली, आणि पहिल्या दोन फवाऱ्यांत भिजलेल्या चिंचोक्यासारखे काहीतरी वाटीत पडले. मग डॉक्टरांनी बारीक चिमटा घेतला.

सर्वप्रथम वास आला. औषधांच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत हिना दरवळला. डॉक्टरांनी चिमट्याच्या टोकाकडे पाहिले. मळाने माखलेला, तपकिरी झालेला कापसाचा बोळा.

"हे काय, काका?"

आप्पारावांनी तो निरखला आणि त्यांचा चेहरा लाजेने व आनंदाने एकदमच उजळला. "व्यंकटरावाच्या पोरीचं लगीन."

दुसरा निघाला, मोगऱ्याचा. "पाथरीची सोयरीक. मला म्होरल्या सोफ्यावर बसवलं व्हतं." तिसरा खसचा. तो स्मशानभूमीच्या शेडच्या उद्घाटनाचा निघाला. तिथे अत्तर कोणी वाटले असेल हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण सटवाजी तोपर्यंत भिंतीला टेकून पोट धरून बसले होते. डाव्या कानातून आणखी दोन आले. एखाद्या पांढरीचे, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाचे, उत्खनन करताना थरावर थर लागावा आणि प्रत्येक थरात एकेका राजवटीचे नाणे सापडावे, तशी ती अध्यक्षीय कारकीर्द क्रमाक्रमाने तबकात मांडली गेली. फरक एवढाच, की नाण्यांवरून राजाने काय केले ते थोडेफार कळते. इथे पाच बोळे होते आणि त्यांपैकी एकाही प्रसंगी कोण काय बोलले, ते सत्कारमूर्तींना ठाऊक नव्हते.

"थोडं गरगरेल. बसून राहा," डॉक्टर म्हणाल्या.

ते गरगरलेच. छत एक फेरी मारून आले. पण आप्पारावांना त्याची पर्वा नव्हती, कारण छताबरोबर छताचा पंखा फिरत होता आणि पंखा खट् खट् खट् वाजत होता! सटवाजींच्या वहाणेचा करकर आवाज. स्वतःच्या सदऱ्याची सळसळ. केवढी ही कांजी, कोणी सांगितले होते इतकी कांजी करायला! खाली मिठाईवाला जिलेबी तळत होता आणि ते तेल ऐकू येत होते, तेल! रिक्षा, कावळा, बाहेर बाकावर दोन बायका नंबरावरून भांडत होत्या, किती सुरेख, किती सविस्तर भांडत होत्या! आप्पाराव हसायला लागले. स्वतःचे हसू त्यांना इतके मोठे ऐकू आले, की ते दचकले आणि दचकल्याचे पुन्हा हसू आले.

"काका, काही ऐकू येतंय का?" डॉक्टरांनी नेहमीच्या आवाजात विचारले.

"वरडू नगंस, माय!"

परतीच्या जीपमध्ये त्यांना दोन्ही हातांनी दांडा धरून बसावे लागले, कारण वळणावर जीप जितकी वळे त्याहून ते थोडे अधिक वळत. पोखर्णीचा फाटा येईपर्यंत सटवाजींनी त्यांना गेल्या आठ महिन्यांतल्या मान हलवण्यांचा हिशेब दिला.

"सोसायटीच्या निवडणुकीत तू दोन्ही पॅनलला पाठिंबा दिलास."

"दोन्ही?"

"एकाच दुपारी. शाळेच्या गॅदरिंगात एकपात्री नाटक करतो म्हणलास. पोरं पोस्टर रंगवायलेत. तुझा तळ्याकडचा पट्टा किरकेटच्या मैदानाला दिलास, तिथं पिच बी झालं. अन् योगीराजाच्या पोराला म्हणलास, घोड्यावरून लग्न लावीन, घोडं माझं."

"मला घोडं कुटंय, सटवाजी?"

"त्येच म्या म्हणलं. तर तो म्हणला, आप्पारावांनी शब्द दिलाय."

आप्पाराव इतके हसले, की जीपवाल्याने आरशातून पाहिले. मग ते हळूहळू थांबले. "अन् घरी? घरी कशाकशाला हालवली आसंल रं?"

"ते चार वाजता कळंल," सटवाजी म्हणाले.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांच्या खुर्चीवर त्या दिवसापुरते सटवाजी बसले. आप्पाराव समोर, जिथे आजवर इतरांना बसवले त्या लाकडी बाकावर. धुरपदाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलेही नाही.

"हे घर बांधलं तवा दगड पाथरीहून माझ्या भावाच्या गाडीत आले. भित्तीवर पाणी कोण मारलं? एकवीस दिस, दोन टाइम, मी. लेक राजनंदिनी पोटात व्हती. दारावर पाटी कुणाची? ह्यांची. इजेचं बिल कुणाच्या नावानं येतंय? माझ्या सासऱ्याच्या. ते जाऊन बारा वर्सं झाली. मेलेल्या माणसाचं नाव हाय, अन् मी जित्ती हाय तर माझं कुटंच न्हाई."

सभागृहातल्या बायकांत एक हालचाल झाली. पुरुष पत्र्याकडे पाहू लागले. त्या क्षणी पत्र्यात पाहण्यासारखे बरेच काही असावे.

"नागपंचमीला म्हणलं, नाव लावा. मान हालवली. पोळ्याला म्हणलं. हालवली. दसऱ्याला म्हणलं, आवं टोणग्या, होकार देतावं तर सही कामून करनाव? हालवली! नंदीबैल ढोल वाजल्यावर तरी मान हालवतो, ह्यांना ढोलबी लागंना. सक्रांतीला म्हणलं, पाठ लय दुखायलीय, दवाखान्यात न्या. हालवली. शेवटी एक दिस पाहावं तरी म्हणून सांगितलं, चहात इख घातलंय." त्या थांबल्या. "मान हालवली अन् बशी फुर्र करून पिऊन टाकली!"

पत्रे हादरले. तानुबाई नावाची एक म्हातारी हसता हसता शेजारणीच्या मांडीवर कोसळली. पण आप्पाराव हसले नाहीत. ते पुढे वाकून ऐकत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडे. शाळेत नवीन आलेल्या पोराने फळ्याकडे पाहावे तसे. धुरपदाबाई तासभर बोलल्या. एकटीने खाल्लेल्या एका संध्याकाळच्या जेवणाबद्दल, ज्या वेळी ते समोरच बसलेले होते. राजनंदिनीचा फोन आला आणि त्यातली गंमत सांगितली, ती कोणी ऐकलीच नाही, त्याबद्दल. आणखी दोनदा टोणगा म्हणाल्या. मग बसल्या.

"प्रतिवादीनं उठावं," सटवाजी म्हणाले.

आप्पाराव उठले. जमीन अजून थोडी हलत होती, म्हणून त्यांनी बाकाची कड धरली. त्यांनी दगडांपासून सुरुवात केली. भावाची गाडी सांगितली, एकवीस दिवस सांगितले, विजेचे बिल सांगितले. त्यावरचे वडिलांचे नावही सांगितले. "दसऱ्याला ती मला टोणगा म्हणली."

"म्होरं आणखी दोनदा म्हणले," धुरपदाबाई जागेवरूनच म्हणाल्या.

"आणखी दोनदा. एकूण तीन टोणगे."

हशा इतका झाला, की सटवाजींना टेबल बडवावे लागले. नंदीबैल आला, विष आले, जेवण आले, राजनंदिनीचा फोन आला. मग आप्पाराव थांबले. काहीतरी राहिले होते. त्यांनी डोळे मिटले, आणि सभागृह ते मान हलवतात की काय म्हणून श्वास रोखून बसले. त्यांनी डोळे उघडले.

"सक्रांतीला तिची पाठ दुखायलती. दवाखान्यात न्या म्हणली. म्या नेलं न्हाई." आणि बायकोकडे वळून, "आता कशी हाय पाठ?"

"परत सांगायचंय. इचारायचं न्हाई," सटवाजी म्हणाले. "नियम तुझाच हाय."

धुरपदाबाईंनी प्रथमच नवऱ्याकडे पाहिले. नर्मदाबाईंनी त्यांना कोपराने ढोसले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हेच म्हणले मी."

"आता प्रतिवादीचं म्हणणं."

"लावा नाव," आप्पाराव म्हणाले. "कुटं सही करू?"

ग्रामसेवकाने घरधारकाच्या संमतीचा कोरा अर्ज पुढे केला. त्या कार्यालयात तो छापील कागद नक्कीच वर्षानुवर्षे पडून होता, कारण तो पिवळा पडला होता आणि कोपरा उंदराने खाल्ला होता. आप्पारावांनी सही केली. धुरपदाबाईंनी खाली केली, बचतगटात गिरवून शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळे. मासिक सभेत मंजुरी मिळाली की नोंद होईल, असे ग्रामसेवक म्हणाला. "ती सभा कवा?" असे एकाच वेळी चौदा बायकांनी विचारले, आणि त्यातल्या नऊजणींनी तसलाच कागद मागितला. ग्रामसेवक कपाट शोधू लागला.

"मग आता पाथरीचं रद्द," आप्पाराव खुशीत म्हणाले. "बॅग उतरव."

"कोण म्हणलं रद्द? भरलेली हाय, तर चार दिस जाऊन येते."

"न्हाई."

धुरपदाबाईंनी मान वर केली. आठ महिन्यांत त्या माणसाकडून ऐकलेला तो पहिला नकार होता. डोळ्यांत एकदम चमक आली. गालांवर रंग चढला. त्यांनी पदर पुन्हा खोचला, अगदी सावकाश, पक्वान्नाच्या ताटावर बसण्याआधी खोचावा तसा.

"न्हाई म्हंजे? तुमाला इचारायलंय कोण?"

"घर दोघांचं झालं तर इचाराया नगं?"

"आजून नोंद व्हायचीय!"

"मग नोंद झाल्यावर जा!"

सटवाजींनी तंटा मिटल्याचे इतिवृत्त लिहायला घेतले होते. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले. भांडण सभागृहातून रस्त्यावर आले, रस्त्याने घरी गेले, जेवणात थोडा वेळ थांबले आणि सकाळी चुलीबरोबर पुन्हा पेटले. शनिवारी फाट्यावर एसटी आली, तेव्हा मुक्कामाचा प्रश्न चार दिवस आणि दोन दिवस यांच्यामध्ये अडकलेला होता, आणि रजिस्टरात आधी कोणाचे नाव, हा पोटविषयही निघाला होता. कानात आता काहीच घालू नका, थेंबही नाही, डॉक्टरनं सांगितलंय, असे धुरपदाबाई पायरीवरून बजावत होत्या. बॅग आप्पारावांनीच वर चढवली.

"मावशी, भांडण पुरं करून मागच्या गाडीनं येता का?" कंडक्टरने विचारले.

"न्हाई बाबा, जाता जाताच करते," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि खिडकीची जागा धरून त्यांनी काच सरकवली.

घंटी वाजली. गाडी हलली. आप्पाराव खिडकीखाली चालू लागले, मग भराभर चालू लागले. "तीन दिस!" त्यांनी शेवटचा तोडगा काढला. गाडीने वेग घेतला, धुरळा उठला, आणि ते फाट्यावर एकटे उभे राहून, तोंडाजवळ हात धरून, पुन्हा ओरडले, "तीन!"

पलीकडच्या वळणावरून, कापसाच्या पऱ्हाट्यांवरून, चिंचेच्या बनातून, स्पष्ट उत्तर आले:

"चार!"